गांधी जन्मशताब्दीची नाणी : संग्रह आणि साक्ष

(हिंगोली येथील व्याख्यानाचा मजकूर)



हिंगोली जिल्ह्यातील जुन्या घरांत लोखंडी ट्रंकेच्या तळाशी किंवा देवघरातील तांब्याच्या डबीत एक पिवळसर, वाटोळे नाणे पुष्कळदा सापडते. आकाराने ते साधारणतः आजच्या एक रुपयाच्या नाण्याएवढे असते. एका बाजूस अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष व वीस पैसे ही किंमत, दुसऱ्या बाजूस महात्मा गांधींचे मुख आणि '१८६९-१९४८' ही दोन साले. हे नाणे कोणत्या वर्षीचे, असे घरातील माणसास विचारले की उत्तर ठरलेले असते : 'अठ्ठेचाळीस सालचे.' नाण्यावर अन्य कोणतेही वर्ष नसल्यामुळे हे उत्तर स्वाभाविक आहे. परंतु ते बरोबर नाही. १९४८ मध्ये रुपयाचे सोळा आणे होते. दशमान पद्धती १ एप्रिल १९५७ रोजी आली, आरंभीची काही वर्षे 'नये पैसे' हा शब्द चालला आणि वीस पैशांचे नाणे तर १९६८ पर्यंत निघालेलेच नव्हते. गांधीजींचे हे नाणे त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, म्हणजे १९६९ मध्ये पाडले गेले. मात्र ते ज्या वर्षी जन्मास आले, ते १९६९ हे वर्ष त्यावर कोठेही नाही.

संग्राहकाच्या कामाचे स्वरूप या एका उदाहरणावरून ध्यानात येते. धातू टिकतो, ठसा टिकतो; पण ते नाणे केव्हा, कोणाच्या हातून, कोणत्या प्रसंगी घरात आले हे ठशात नसते. ते माणसाच्या आठवणीत असते. १९६९ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पासष्टी ओलांडून गेले आहे. त्यावेळचे शिक्षक, दुकानदार, पोस्टमन यांपैकी फारच थोडे आज हयात असतील. नाणी आणखी शंभर वर्षे राहतील. त्यांच्याविषयी सांगणारी माणसे मात्र तेवढी राहणार नाहीत. आजच्या विषयाची निकड एवढ्यासाठीच आहे.

त्या काळातील मराठवाड्याच्या माणसाची नाण्यांशी ओळख कशी होती, हेही पाहिले पाहिजे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालत असे. हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास लोक 'कलदार' म्हणत आणि सात हाली म्हणजे सहा कलदार हा ढोबळ हिशेब व्यापाऱ्यांच्या जिभेवर असे.  दोन राज्यांच्या सीमेवर माल नेणाऱ्या गाडीवानालासुद्धा हे गणित तोंडपाठ ठेवावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि पन्नाशीच्या दशकात हाली व्यवहारातून मागे पडत गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, त्यानंतर पाचच महिन्यांनी नये पैसे सुरू झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १ मे १९९९ उजाडावे लागले.

म्हणजे १९६९ मध्ये चाळिशीत असलेल्या येथील गृहिणीने आपल्या हयातीत चारमिनारचा रुपया, इंग्लंडच्या राजाचे डोके असलेला रुपया आणि अशोकसिंहाचा रुपया असे तिन्ही हाताळले होते. आणे-पैचा हिशेब सोडून ती शंभर पैशांचा हिशेब शिकली होती. तिच्या पदराच्या गाठीत जेव्हा गांधीजींचे वीस पैसे आले, तेव्हा एका सामान्य नाण्यावर प्रथमच तिला असा चेहरा दिसला, की जो राजाचाही नव्हता आणि राजपुत्राचाही नव्हता. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ मध्ये त्यांच्या मुद्रेचे रुपया व पन्नास पैसे निघाले होते आणि स्वतंत्र भारतातील स्मारक नाण्यांचा आरंभ त्यांनीच झाला, हे खरे. परंतु रुपया ही खेड्यातल्या मजुराच्या हाती रोज येणारी वस्तू त्या काळी नव्हती. वीस पैसे मात्र सर्वांचे होते.

शताब्दीनिमित्त भारत सरकारने चार नाणी काढली. वीस पैशांचे नाणे ॲल्युमिनियम-ब्राँझचे, म्हणजे मुख्यतः तांबे असलेल्या मिश्रधातूचे होते. त्याआधीच्या वर्षी निघालेले कमळाचे वीस पैसेही तांब्याच्याच मिश्रधातूचे होते. या पिवळ्या झळाळीमुळे त्यात सोने मिसळले आहे असा समज पुष्कळ ठिकाणी पसरला आणि कित्येकांनी ही नाणी लक्ष्मीपूजनासाठी राखून ठेवली. समज निराधार होता. पण त्यामुळेच आज एवढी नाणी घरोघर शिल्लक आहेत, हेही मान्य करावे लागते. पन्नास पैसे व एक रुपया ही नाणी निकेलची होती. चौथे नाणे दहा रुपयांचे. वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर आणि चांदीचे प्रमाण शेकडा ८०. शुद्ध चांदी धरली तर ती १२ ग्रॅम भरते. हे नाणे हाताहाती फिरण्यापेक्षा डबीत ठेवण्यासाठीच घेतले गेले. लग्नात मुलीला, बारशाला बाळाला, दिवाळीत पाटावर अशा वाटांनी ते घरात शिरले आणि तेथेच राहिले.

नाण्यावर टाकसाळीची खूणही पाहावी. लहानसा चौकट-ठिपका असल्यास मुंबई, तारा असल्यास हैदराबाद आणि काहीच खूण नसल्यास कोलकाता, असा सर्वसाधारण नियम आहे. हैदराबादची टाकसाळ मूळची निजामाची. संस्थान विलीन झाल्यावर ती भारत सरकारकडे आली. ज्या टाकसाळीत पूर्वी चारमिनारचे रुपये पडत, तिचाच तारा पुढे प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर उमटू लागला. मराठवाड्यातील संग्राहकाने ही खूण भिंगातून अवश्य शोधावी. पुष्कळ जण नाण्याची केवळ मुखाची बाजू पाहून ते ठेवून देतात, हा दोष सर्रास आढळतो.

नाण्यांच्या जोडीने नोटाही आल्या. रिझर्व्ह बँकेने दोन, पाच, दहा व शंभर रुपयांच्या शताब्दी नोटांवर बसलेल्या गांधीजींचे चित्र आणि पार्श्वभूमीस सेवाग्राम आश्रम दाखविला. वर्ध्याजवळची ती साधी कुटी अशा रीतीने देशभर पोहोचली. या नोटांवर प्रथम गव्हर्नर एल. के. झा यांची स्वाक्षरी आहे. त्यांच्यानंतर बी. एन. आडारकर हे १९७० च्या मे-जूनमध्ये सुमारे सहा आठवडे गव्हर्नर होते. त्यांची स्वाक्षरी असलेल्या शताब्दी नोटा म्हणूनच संग्राहक विशेष आस्थेने शोधतात. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते. तिच्यावर अर्थसचिव आय. जी. पटेल यांची सही असून शताब्दीच्या रुपयाचेच चित्र छापलेले आहे. नोटेवर नाणे आणि नाण्यावर गांधी, अशी ती गमतीदार रचना आहे.

डाकखात्याने २ ऑक्टोबर १९६९ रोजी वीस पैसे, पंचाहत्तर पैसे, एक रुपया व पाच रुपये अशी चार तिकिटे काढली. वीस पैशांच्या तिकिटावर गांधीजींसमवेत कस्तुरबा आहेत. त्यांचाही जन्म १८६९ चाच; त्यांच्याही जन्मास त्या वर्षी शंभर वर्षे झाली. तथापि त्यांच्या नावाचे नाणे तेव्हा निघाले नाही. संग्रहात वीस पैशांचे नाणे ठेवणाऱ्याने त्याच्या शेजारी वीस पैशांचे तिकीटही ठेवावे. तसे केले नाही तर शताब्दीची अर्धी बाजू अंधारात राहते.

आता पदकांकडे वळावयाचे. पदक ही वस्तू या देशात मुख्यतः राजदरबारातून आली. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने 'कैसर-ए-हिंद' ही पदवी धारण केली तेव्हा दिल्लीत दरबार भरला, पुढे १९०३ व १९११ मध्येही भरला, आणि प्रत्येक वेळी पदके पाडली गेली. ती संस्थानिकांना, अधिकाऱ्यांना, निवडक सैनिकांना मिळत. पदक म्हणजे वरच्याने खालच्यास दिलेली मान्यतेची खूण, आणि छातीवर कोण लावू शकतो हे ठरलेले. निजामाच्या राज्यात १९३७ साली रौप्यमहोत्सव झाला त्याची टपाल तिकिटेही आहेत. त्यांवर उस्मानिया विद्यापीठ, रुग्णालये अशा इमारती आहेत. तो उत्सव राज्यकर्त्याच्या कारकिर्दीचा होता. प्रजा प्रेक्षक होती.

या पार्श्वभूमीवर एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या पुरुषाच्या शताब्दीची पदके लोक जमवितात, त्याने स्वतःची पदके परत केली होती. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी पथकातील कामासाठी गांधीजींना पदक मिळाले होते. १९०६ च्या झुलू उठावाच्या वेळच्या सेवेचे दुसरे. १९१५ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. ही तिन्ही पदके त्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र पाठवून परत केली आणि त्या दिवशी असहकाराचा प्रारंभ झाला. त्याच दिवशी पहाटे मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले होते. महाराष्ट्राला ती तारीख टिळकांसाठी आठवते. पदकांच्या अभ्यासकाने ती दुसऱ्या कारणासाठीही लक्षात ठेवावी.

त्याआधीचा प्रसंग तर विश्वस्त संस्थांच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचण्याजोगा आहे. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना तेथील लोकांनी गांधीजींना सोन्याची साखळी, घड्याळे, हिऱ्याची अंगठी आणि कस्तुरबांना पन्नास गिनींचा हार अशा मौल्यवान वस्तू भेट दिल्या. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सार्वजनिक सेवेबद्दल मिळालेले दान स्वतःच्या घरात ठेवावे कसे? कस्तुरबांनी विरोध केला, सुनांसाठी काही ठेवावे असा आग्रह धरला. तो आग्रह एका आईचा होता आणि त्यात गैर काही नव्हते. अखेर सर्व वस्तूंचा विश्वस्तपत्राने न्यास केला गेला आणि त्या समाजकार्यासाठी बँकेत ठेवण्यात आल्या. ही हकीकत गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नोंदविली आहे. पुढील आयुष्यातही सभांमध्ये मिळालेली मानपत्रे व त्यांच्या करंड्या ते तेथल्या तेथे लिलावात काढून निधी उभा करीत.

मग अशा पुरुषाची नाणी-पदके साठवून ठेवणे हा विरोधाभास नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे एकाच नाण्याच्या शंभर प्रती पेटीत पडून आहेत आणि भाव वाढण्याची वाट पाहत आहेत, त्याच्या बाबतीत उत्तर 'होय' असेच द्यावे लागेल. तो साठा झाला, संग्रह नव्हे. संग्राहक मात्र एका वस्तूस तिची हकीकत जोडून ती पुढच्या माणसाकडे सोपवितो. त्याची मालकी तात्पुरती असते. दोघांच्या पेटीत नाणे एकच दिसेल, हे खरे. फरक पेटीतल्या कागदावरून कळतो.

सरकारी नाण्यांखेरीज शताब्दी वर्षात अनेक संस्था, शाळा, नगरपालिका, खादी भांडारे, उद्योगगृहे यांनी आपापले बिल्ले, पदके व स्मृतिमुद्रा काढल्या. कथिलाच्या पातळ पत्र्याचे टाचणी लावलेले बिल्ले, पितळी पदके, ब्राँझची जाड चकती असे त्यांचे प्रकार आढळतात. खादी विक्रीसाठी छापलेल्या, गांधीजींचे चित्र असलेल्या खादी हुंड्याही याच कुळातल्या. नाण्यांची यादी छापील ग्रंथांतून मिळते. या वस्तूंची मिळत नाही. कोणत्या संस्थेने, किती, कोठे पाडून घेतले याची नोंद बहुधा त्या संस्थेच्या इतिवृत्ताच्या वहीतच असते, आणि ती वही वाळवीने खाल्लेली असते. संग्रहाच्या दृष्टीने म्हणूनच चांदीच्या दहा रुपयांपेक्षा शाळेत वाटलेला एखादा पत्र्याचा बिल्ला अधिक दुर्मीळ ठरू शकतो. त्यास बाजारात किंमत नाही. पण तो गेला तर त्याच्या जागी दुसरा मिळत नाही.

येथे कायद्याची एक बाजू सांगणे आवश्यक आहे. नाणे पाडण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारचा आहे. पैशासारखा वापर व्हावा म्हणून खाजगी व्यक्तीने धातूचे तुकडे पाडू नयेत यासाठी १८८९ चा धातू-टोकनविषयक कायदा होता. तो व १९०६ चा नाणेविषयक कायदा रद्द होऊन त्यांतील तरतुदी २०११ च्या नाणे अधिनियमात एकत्र झाल्या. स्मृतिपदकास या कायद्याची आडकाठी नाही, कारण ते चलन नव्हे. नाणी वितळविण्यास मात्र हा अधिनियम बंदी करतो.

या तरतुदीची आठवण आज मुद्दाम करून द्यावी लागते. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोस एक लाख रुपयांच्या पुढे गेला. त्या भावाने १२ ग्रॅम चांदीचे बाराशे रुपये होतात. दर्शनी किंमत दहा रुपये असलेले नाणे घरात निष्कारण पडले आहे, मुलीच्या पैंजणात तेवढीच भर, असा विचार करणाऱ्या गृहिणीस दोष देता येत नाही. परंतु मोडीत गेलेल्या नाण्याबरोबर आजोबांनी ते कोणत्या बाजाराच्या दिवशी, कोणत्या बँकेतून आणले ही हकीकतही मुशीत जाते. मोडीत घालण्यापूर्वी निदान ती लिहून काढावी, एवढे तरी घडावे.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. दूरध्वनीवरून किंवा जाहिरातीतून 'जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या' असे आमिष दाखविणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन असे पैसे उकळले जातात आणि पुढे फोन बंद होतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये अशा व्यवहारांविषयी सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली होती; आपण अशा खरेदी-विक्रीत नाही आणि कोणासही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते. शताब्दीचे वीस पैसे लाखांत विकले जात नाहीत. ते लाखो पाडले गेले आणि घरोघर आहेत.

याच ओघात ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ हे साल असलेल्या, राम-दरबाराचे चित्र कोरलेल्या 'अर्ध्या आण्या'विषयीही सांगितले पाहिजे. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. ती अलीकडच्या काळातील बनावट मुद्रा आहे, मग कोणी ती तांदूळ ओढून घेते म्हणून सांगो की आणखी काही. रामटंका हा प्रकार वेगळा. राम, सीता, लक्ष्मण, मारुती यांच्या ठशाच्या या देवघरातील मुद्रा पूजेसाठी पाडलेल्या आहेत. त्या चलन नव्हत्या, परंतु खोट्याही नव्हेत. त्यांना नाणे म्हणून विकले की खोटेपणा सुरू होतो.

शताब्दीच्या नाण्यांची परंपरा पुढे वाढत गेली. १९८९ मध्ये नेहरू जन्मशताब्दीची, १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मशताब्दीच्या एक रुपयाची, १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांच्या एक रुपयाची व शिवछत्रपतींच्या दोन रुपयांची, २००७ मध्ये टिळकांच्या पाच रुपयांची नाणी निघाली. आंबेडकरांचा रुपया तर आजही कित्येक घरांत तसबिरीजवळ ठेवलेला दिसतो. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पावापुरीच्या जलमंदिराचे पंचवीस पैशांचे तिकीट निघाले. २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये पाच व शंभर रुपयांची नाणी आली. २५५० व्या निर्वाण महोत्सवाचे नाणे २१ एप्रिल २०२४ रोजी दिल्लीत प्रकाशित झाले. बेळगाव जिल्ह्यातील शेडबाळ येथे जन्मलेल्या आचार्य विद्यानंद मुनींच्या जन्मशताब्दीचे नाणे २८ जून २०२५ रोजी निघाले. गांधीजींच्या १५० व्या जयंतीस, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, दीडशे रुपयांचे नाणे काढण्यात आले. परंतु यांपैकी शंभर, दीडशे रुपयांची नाणी बाजारात फिरण्यासाठी नसतात. टाकसाळीकडे मागणी नोंदवून ती दर्शनी किमतीहून अधिक रकमेस घ्यावी लागतात. वीस पैशांचे नाणे मजुरीत मिळत असे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे चिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची नाणी जून २०२२ मध्ये प्रकाशित झाली, त्यांतले एखादे किराणा दुकानाच्या गल्ल्यात सुट्ट्या पैशांत हाती लागले तर जुन्या काळाचा तो अनुभव पुन्हा मिळतो.

हिंगोली जिल्ह्याचा स्वतःचा वाटा या परंपरेत लहान, पण नोंदविण्याजोगा आहे. नरसीच्या संत नामदेवांच्या ७०० व्या जयंतीनिमित्त १९७० मध्ये, गांधी शताब्दीच्या लगतच्याच वर्षी, वीस पैशांचे टपाल तिकीट निघाले. कडोळी येथे ११ ऑक्टोबर १९१६ रोजी जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे तिकीट २०१७ मध्ये प्रकाशित झाले. येथील संग्राहकाने नाण्यांच्या मागे धावण्यापूर्वी ही दोन तिकिटे आणि ती ज्या टपालावर येथे आली ते शिक्का असलेले लिफाफे शोधावेत. हिंगोलीच्या डाकघराचा त्या काळचा शिक्का असलेले वीस पैशांचे नामदेव-तिकीट कोणाच्या जुन्या पत्रव्यवहारात असेल, तर ते सुटे करून वहीत चिकटवू नये. लिफाफ्यासकट ठेवावे.

आता जपणुकीविषयी. नाणे चिंचेने, राखेने किंवा भांडी घासण्याच्या भुकटीने उजळू नये. देवघरातील नाणी सणाच्या आधी घासण्याची रीत आहे, तिला कोणी नाव ठेवू नये. परंतु संग्रहातील नाणे व देवघरातील नाणे वेगळे ठेवावे. घासलेल्या नाण्यावरील गांधीजींच्या भुवईच्या, कानाच्या बारीक रेषा एकदा गेल्या की परत येत नाहीत. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात तांब्याच्या मिश्रधातूवर कालांतराने हिरवा चिकट थर येतो. चांदीस रबर व वर्तमानपत्राचा कागद काळे करतो. कडेला धरून उचलावे, घामाचे बोट मुखावर लावू नये. साध्या, स्वच्छ कागदी लिफाफ्यात एकेक नाणे ठेवले तरी पुरते.

त्या लिफाफ्यावर काय लिहावे, हा खरा मुद्दा. नाण्याची किंमत, धातू, टाकसाळीची खूण, वजन हे कोणीही पुस्तकावरून केव्हाही लिहू शकेल. जे पुस्तकात नाही ते आधी लिहावे : कोणाकडून आले, त्यांच्याकडे कोठून आले, कोणत्या प्रसंगी, आणि हे सांगणाऱ्याचे वय व सांगितल्याचा दिवस. आठवण सांगणाऱ्याच्या शब्दांतच उतरवावी, आपल्या भाषेत सुधारू नये. एखादी आजी 'हे अठ्ठेचाळीसचे' असेच सांगत असेल तर तिचे म्हणणे तसेच लिहावे आणि शेजारी कंसात १९६९ असे लिहावे. तिची चूकही साक्षच आहे. नाण्यावरील दोन साले लोकांनी कशी वाचली हे तीवरून कळते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून रद्द झाली, त्यामुळे शताब्दीच्या चार नाण्यांपैकी वीस पैसे आता चलन राहिलेले नाही. पन्नास पैसे व रुपया यांना ती मर्यादा लागू झाली नाही. ही गोष्टही लिफाफ्यावर लिहिण्यास हरकत नाही.

ज्यांना अधिक अभ्यास करावयाचा आहे त्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेस आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेच्या, २००४ मध्ये सुरू झालेल्या नाणे-संग्रहालयास भेट द्यावी. दोन्ही ठिकाणी नाण्यांची मांडणी पाहिली की स्वतःच्या डबीकडे पाहण्याची नजर बदलते.

शेवटी, महोत्सव साजरे करणाऱ्या संस्थांना एक विनंती. महोत्सवानिमित्त पदक काढावयाचे झाल्यास त्यावर पाडल्याचे वर्ष व गावाचे नाव अवश्य घालावे. केवळ स्थापनेचे वर्ष घालून थांबू नये, नाहीतर गांधीजींच्या वीस पैशांची जी गत झाली तीच होईल. किती नग पाडले, कोणत्या धातूचे, कोणाकडून करवून घेतले, कोणाकोणास दिले हे ठरावाच्या क्रमांकासह इतिवृत्तात लिहावे आणि एक नग त्या वहीतच, लिफाफ्यात घालून, शिवून ठेवावा.